मामांची चार बोटं आणि अमेरिकन पेटंट

व्हर्जिनियात हिवाळा आला की दाराच्या मुठीला हात लावायची भीती वाटते. हवा इतकी कोरडी की कार्पेटवरून चार पावलं चालून मुठीला हात लावला की चट्ट करून शॉक बसतो. पहिल्या वर्षी मला वाटलं घराच्या वायरिंगमध्ये काहीतरी लोचा आहे, घरमालकाला फोन पण केला, तो बिचारा हसला आणि ह्युमिडिफायर घे म्हणाला. हे आत्ता सांगायचं कारण असं की मी ज्यावर पोट भरतो ना, ते सगळं त्या चट्ट मधूनच निघालंय.

मी अलेक्झांड्रियातल्या एका छोट्या लॉ फर्ममध्ये पेटंट एजंट आहे. अमेरिकेचं पेटंट ऑफिस याच गावात, किंग स्ट्रीट मेट्रोपासून चालत जाण्यासारखं. मी वकील नाही, इंजिनिअर आहे, पण पेटंट ऑफिसची एक परीक्षा असते, शंभर प्रश्न, तीन-तीन तासांचे दोन पेपर, ती दिली की लोकांच्या वतीने तिथे अर्ज चालवता येतात. आणि माझ्यासारखा व्हिसावर असलेला असेल तर पूर्ण रजिस्ट्रेशन नाही मिळत, 'लिमिटेड रेकग्निशन' नावाचा कागद मिळतो, म्हणजे ही नोकरी आणि हा व्हिसा आहे तोवर तुम्ही एजंट. आई म्हणाली, म्हणजे लर्निंग लायसन्सच की. साधारण तसंच.

माझ्याकडे येणाऱ्या केसेसपैकी निम्म्या प्रिंटर आणि कॉपियरच्या, त्यातल्या त्यात कॅलिब्रेशनच्या, म्हणजे मशीन रंग बरोबर छापतंय का ते तपासून जुळवण्याच्या. ऐकायला एकदम रटाळ, मान्य. पण माझ्यासाठी ते रटाळ नाही कारण मी कराडला तहसील कचेरीसमोर मामांच्या झेरॉक्सच्या दुकानात लहानाचा मोठा झालोय. सातबारा, रेशन कार्ड, जातीचा दाखला, पोरांच्या मार्कशीट, दिवसभर नुसता तो हिरवा उजेड या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचा. पावसाळ्यात कागद दमट झाला की अर्धं पान फिक्कट आणि अर्धं बरं यायचं, म्हणून मामांनी कागदाच्या कपाटात एक झिरोचा बल्ब कायम चालू ठेवलेला. पुढे अमेरिकेत येऊन मी जेव्हा पहिल्यांदा 'आर्द्रता मोजून त्यानुसार छपाईची स्थिती बदलणारे यंत्र' असलं काहीतरी पंचवीस पानी वाचलं तेव्हा मला तो बल्बच दिसला.

आता मूळ भानगड काय ते थोडक्यात सांगतो. टोनरची, म्हणजे शाईच्या जागी असते ती, पावडर मशीनमधल्या फिरणाऱ्या ड्रमवर चिकटते ती स्टॅटिकमुळे, तोच तो दाराच्या मुठीचा चट्ट. ड्रमला चार्ज द्यायचा, उजेडाने नको तिथला चार्ज घालवायचा, उरलेल्या चार्जवर पावडर बसते, ती कागदावर घ्यायची आणि गरम करून पक्की करायची. पण चार्ज म्हटला की तो हवेवर अवलंबून, तापमानावर अवलंबून, ड्रम किती जुना झालाय त्यावर, टोनर किती ढवळला गेलाय त्यावर. त्यामुळे सकाळी पन्नास टक्के करडा म्हणून छापलेला रंग दुपारी साठ टक्के येतो. ऑफिसच्या पत्राला काही फरक पडत नाही हो, पण कंपनीचा लोगो किंवा माणसाचा फोटो छापायचा असेल तर चेहरा कावीळ झाल्यासारखा दिसतो. म्हणून मशीन मधूनमधून स्वतःची परीक्षा घेतं. फिक्यापासून गडदपर्यंत छोटे छोटे चौकोन छापायचे, ते किती गडद आले ते सेन्सरने मोजायचं, आणि जेवढी चूक तेवढी सुधारणा एका तक्त्यात भरून ठेवायची. कॉपियरमध्ये तर वरती स्कॅनर असतोच, मग तोच चौकोनांचा कागद काचेवर ठेवायचा, मशीन स्वतःच छापतं आणि स्वतःच तपासतं.

या एवढ्याशा गोष्टीवर किती पेटंट असावीत? पेटंट ऑफिसात प्रत्येक विषयाला खण असतात. चाचणीचे नमुने छापून मशीन तपासणं याचा खण वेगळा, नमुने वाचून रंग सुधारणं याचा खण वेगळा, इलेक्ट्रोफोटोग्राफीतला टेस्ट पॅच अजून वेगळा, आणि प्रत्येक खण गच्च भरलेला, त्यात जपानी अर्जांचा ढीग तर विचारूच नका. एक्झामिनरचं, म्हणजे तिथे अर्ज तपासणाऱ्याचं काम म्हणजे तुमचा क्लेम घ्यायचा, म्हणजे नेमकं काय तुमचं ते सांगणारं वाक्य, त्याचे तुकडे करायचे, आणि प्रत्येक तुकडा आधी कोणी कुठे लिहून ठेवलाय का ते या खणांमधून हुडकायचं. एकाच कागदात सगळं सापडलं तर तुमचं काही नवीन नाही. दोन-तीन कागद जोडून सापडलं तर प्रश्न असा की त्या धंद्यातल्या साधारण माणसाला हे जोडणं सहज सुचलं असतं का? अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने २००७ साली गाडीच्या ॲक्सिलरेटर पेडलच्या एका केसमध्ये सांगितलंय की या साधारण माणसालाही थोडी कल्पकता असते, तो काही यंत्र नव्हे. कायद्यातला हा माणूस काल्पनिक आहे, त्याला चेहरा नाही. माझ्या डोक्यात मात्र त्याला मामांचा चेहरा आहे, बनियन आणि कानावर पेन.

बरं, आता केस. जुनी आहे, पेटंट निघून सगळं पब्लिक झालंय, तरी क्लायंट कोण ते सांगणार नाही आणि एकदोन डिटेल बदललेत. क्लेम असा की कॉपियर चौकोनांचा कागद छापतो, एकाच छटेचा चौकोन दोन ठिकाणी छापतो, काचेवर ठेवून वाचतो आणि दोन्हींची सरासरी घेतो. पेटंटचा क्लेम एकाच वाक्यात लिहावा लागतो, त्यामुळे ते वाक्य दीड पानाचं होतं, माझी वाक्यं लांब होतात म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

ऑफिस ॲक्शन आली, म्हणजे पेटंट ऑफिसचं लेखी उत्तर, रिजेक्शन. एक्झामिनरने एक जपानी अर्ज लावला होता आणि त्याचं मशीनने केलेलं भाषांतर. मी वाचलं तर त्यात जिथे तिथे 'कॉन्सन्ट्रेशन पॅच', 'कॉन्सन्ट्रेशन सेन्सर'. मी एकदम खुशीत आलो. कारण आमच्या धंद्यात टोनर कॉन्सन्ट्रेशन म्हणजे वेगळीच गोष्ट, मशीनच्या आत टोनर आणि लोखंडी कॅरिअरचं जे मिश्रण असतं त्यात टोनर किती टक्के आहे ते. कागदावर रंग किती गडद आला ती डेन्सिटी. दोन्हींचा सेन्सर वेगळा, जागा वेगळी. मी चार पानं लिहिली, जरा टोचून लिहिली, की एक्झामिनरने मुळात विषयच चुकीचा घेतलाय.

मग इंटरव्ह्यू ठरला, म्हणजे एक्झामिनरशी फोनवर चर्चा, हे इथे सर्रास करतात आणि फार उपयोगी असतं. माणूस शांत होता. माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, जरा आकृती चार उघडता का? उघडली. त्यात कागद, कागदावर चौकोन, चौकोनांच्या वर स्कॅनर. मिश्रण नाही, डबा नाही, काही नाही. तेव्हा मला कळलं की जपानीत दोन्हींना एकच शब्द आहे, नोदो. टोनरचं प्रमाण पण नोदो आणि छपाईचा गडदपणा पण नोदो, मशीन बिचारं प्रत्येक वेळी कॉन्सन्ट्रेशन लिहितं. एक्झामिनरला ते माहीत होतं, रोज तेच वाचतो तो. मी चित्र न बघता शब्दाला धरून बसलो होतो. मामांनी शब्द वाचलाच नसता, सरळ चित्र बघितलं असतं. त्या दिवशी जेवण गेलं नाही.

तर दोन ठिकाणी चौकोन आणि सरासरी हे गेलं, ते त्या जपानी कागदात होतंच. आता क्लेममध्ये काय उरलं? तर अर्जाच्या पोटात एक ओळ होती की दोन चौकोनांमधलं अंतर ड्रमच्या निम्म्या घेराएवढं ठेवावं. ही ओळ हुशारीची आहे हो. ड्रम कधी अगदी बरोब्बर गोल नसतो, जरा डुगडुगतो, त्यामुळे एका फेरीत अर्धा वेळ गडद आणि अर्धा वेळ फिका छापतो. निम्म्या फेरीच्या अंतराने दोन चौकोन घेतले की एक जेवढा जास्त गडद तेवढा दुसरा कमी, सरासरीत डुगडुग निघून जाते. ड्रमचा दोष घेराच्या अंतराने परत परत येतो हे कोणत्याही झेरॉक्स मेकॅनिकला माहीत असतं, छोट्या लेझर प्रिंटरचा २४ मिलिमीटरचा ड्रम असेल तर काळा ठिपका दर साडेसात सेंटिमीटरला, पट्टी लावून मोजायचं आणि कुठला रोलर खराब ते सांगायचं. पण ठिपका ओळखणं वेगळं आणि त्याच हिशोबाने चौकोन मांडणं वेगळं, असं मी लिहिणार होतो.

आणि लिहिता लिहिता मला मामांची भिंत आठवली.

मामा रोज सकाळी दुकान उघडलं की एक कागद काढायचे. त्याच्यावर करडे चौकोन होते, कुठल्यातरी डिप्लोमाच्या पोराने करून दिलेले, वरती एक ओळ आणि खाली तीच ओळ परत. भिंतीवर त्यातला एक चांगला आलेला कागद चिकटवलेला. मामा नवा कागद त्याच्या शेजारी धरायचे, वरचा बघायचे, खालचा बघायचे, मधलं धरायचे आणि डार्क-लाइटचं बटन फिरवायचे. दोन ठिकाणी चौकोन. सरासरी. डोळ्याने.

इथे एक नियम आहे, अर्ज चालवणाऱ्याला त्या शोधाबद्दलची महत्त्वाची जुनी माहिती ठाऊक असेल तर ती पेटंट ऑफिसपासून लपवायची नाही. मी आमच्या सीनियर बाईंना सांगितलं. मला वाटलं हसतील. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, सरासरी तर आधीच गेली, आता मुद्दा फक्त अंतराचा. तुझ्या मामांच्या कागदावर अंतर किती होतं? आणि कागदावर तारीख आहे का?

तारखेचं का विचारलं ते आपल्याकडच्या माणसाला समजायला सोपं आहे, हळदीची केस आठवा. १९९५ साली जखमेवर हळद लावण्याचं अमेरिकन पेटंट निघालं होतं, माशेलकर सरांच्या सीएसआयआरने ते आव्हान देऊन १९९७ मध्ये पाडलं. जखमेवर हळद आपल्या प्रत्येक आजीने लावली, पण आजीच्या सांगण्यावर ते पडलं नाही, छापील पुरावे लावले, संस्कृत ग्रंथ आणि १९५३ सालचा एका वैद्यकीय जर्नलमधला लेख. तेव्हाचा कायदा असा होता की अमेरिकेबाहेर नुसती वापरात असलेली गोष्ट धरायचीच नाही, छापलेली असेल तरच. १६ मार्च २०१३ पासून ते बदललं, आता जगात कुठेही उघडपणे वापर झाला असेल तर चालतो, म्हणजे कराडसुद्धा. पण सिद्ध कसं करणार?

मामांना फोन लावला. इथे रात्रीचे दहा, तिकडे सकाळ, मागे मशीनचा आवाज.

"मामा, तो भिंतीवरचा चौकोनाचा कागद आहे का अजून?"

"कुठला रे? तो होय. रंग दिला की भिंतीला. खरवडून काढला पोरांनी."

"आणि ते जुनं मशीन?"

"भंगारात. का, काय झालं?"

"वरची ओळ आणि खालची ओळ, मधे अंतर किती होतं?"

जरा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "चार बोटं सोडायची. एवढंच माहिताय. लई लांब घेतलं तर हिशोब लागत नव्हता."

"पण चार बोटंच का?"

"अरे करून बघितलं ना आम्ही. वरती एक, खाली एक, मधलं धरलं की दिवसभर टेन्शन नाही."

मी हे सगळं बाईंना जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी एक पानाचं निवेदन करायला लावलं, की अशा अशा दुकानात अशी पद्धत वापरात होती असं समजतं, कागद उपलब्ध नाही, मशीन उपलब्ध नाही, ड्रमचा घेर माहीत नाही, अंतर अंदाजे चार बोटांच्या रुंदीएवढं. मी आयुष्यात लिहिलेला हा सगळ्यात विचित्र इंग्रजी कागद. उत्तरासोबत फाइलला लावला. एक्झामिनरने तो वाचला, शेजारी आपली आद्याक्षरं केली, आणि निम्म्या घेराची अट घातलेला क्लेम मंजूर केला. माझ्या मते त्याचं बरोबर होतं, त्याच्यासमोर जे होतं त्यावर.

गंमत अशी की झेरॉक्सचा शोधच मुळी पेटंटच्या कारकुनीला वैतागून लागलाय. चेस्टर कार्लसन न्यूयॉर्कमधल्या एका कंपनीच्या पेटंट विभागात होता, कागदपत्रांच्या आणि ड्रॉइंगच्या प्रती कधी पुरायच्या नाहीत, हाताने उतरवून उतरवून हात दुखायचे, त्याला संधिवात. २२ ऑक्टोबर १९३८ ला न्यूयॉर्कमधल्याच अ‍ॅस्टोरियातल्या एका खोलीत त्याने आणि त्याच्या मदतनिसाने गंधकाचा थर दिलेली जस्ताची पट्टी रुमालाने घासून चार्ज केली, वर पावडर भुरभुरली आणि मेणाच्या कागदावर तारीख आणि 'अ‍ॅस्टोरिया' एवढंच उमटवलं. पहिली झेरॉक्स, आणि तिच्यावर तारीख! पेटंटवाला माणूस, दुसरं काय लिहिणार. त्याचं पेटंट १९४२ ला निघालं, आणि दुकानात ठेवण्यासारखं मशीन यायला १९५९ उजाडलं. पेटंट ऑफिसच्या इमारतीत शोधकांचं म्युझियम आहे, पाहुणे आले की मी त्यांना तिथे नेतो, ते दहा मिनिटांत कंटाळतात.

डिसेंबरात कराडला गेलो होतो. दुकानात आता नवीन डिजिटल मशीन आहे, ते स्वतःच कॅलिब्रेशन करतं, मामांना त्याचा राग येतो कारण गिऱ्हाईक उभं असताना मधेच 'कृपया थांबा' म्हणतं. जुना मेकॅनिक पण भेटला, मी सहज विचारलं त्या जुन्या मशीनचा ड्रम केवढा होता, तो म्हणाला साठचा असेल, साठ एमएम. मी हिशोब केला. घेर १८८ मिलिमीटर, निम्मा ९४, म्हणजे नऊ पॉइंट चार सेंटिमीटर.

माझी चार बोटं मी तिकडे फर्ममध्येच मोजली होती, साडेसात सेंटिमीटर, आणि निर्धास्त झालो होतो. मामांच्या काउंटरवर स्टीलची पट्टी पडलेली असते. म्हटलं मामा, जरा हात ठेवा इथे. त्यांनी पंजा ठेवला, टोनरने काळी झालेली, जाडजूड बोटं.

नऊ पॉइंट तीन.

माहिती द्यायची जबाबदारी पेटंट निघालं की संपते. मामांनी विचारलं काय मोजतोयस, मी म्हटलं काही नाही, अंगठी करायचीय तुम्हाला. आता त्या अंगठीचं काहीतरी बघायला हवं, ते दर फोनला विचारतात.