कालुंडबोर्गचे पाइप

डेन्मार्कमध्ये, कोपनहेगनहून पश्चिमेला साधारण शंभर किलोमीटरवर, समुद्राकाठी कालुंडबोर्ग वसलंय. रेल्वेचा मार्ग इथेच संपतो. बरेच लोक पाच मनोऱ्यांचं मध्ययुगीन चर्च पाहायला येतात आणि ते सुंदर आहेच, पण मला इथले कारखाने बघायचे होते.

औद्योगिक भागात चकचकीत पत्र्यात गुंडाळलेले जाडजूड पाइप लांबवर गेलेले दिसतात. मध्येच एखादा पाइप चौकोनी वळसा घेतो आणि पुन्हा सरळ होतो. आतल्या वाफेने तापून तो लांबतो, त्या वाढीला जागा हवी म्हणून हा वळसा. वीजकेंद्रातली ही वाफ शेजारच्या कारखान्यांना जाते, इन्सुलिन बनवणाऱ्या नोव्हो नॉर्डिस्कलासुद्धा.

कारखान्यांमधल्या या देवाणघेवाणीची सुरुवात झाली ती पाण्याच्या चणचणीतून. १९६१ मध्ये तेलशुद्धीकरण कारखान्याला भरपूर पाणी लागणार होतं आणि भूजल तर जपायचं होतं, म्हणून टिस्सो तलावातून जलवाहिनी आणली. १९७२ मध्ये जिप्सम बोर्डाचा, म्हणजे भिंती-छतांना लावायच्या तक्त्यांचा कारखाना आला आणि शुद्धीकरणात उरणारा, एरवी जाळून टाकायचा गॅस त्याने घेतला. पुढे वीजकेंद्राची राख सिमेंटकडे गेली, इन्सुलिन तयार करताना उरलेलं यीस्ट डुकरांच्या खाद्यात. १९९३ पासून वीजकेंद्राच्या धुरातलं गंधक चुनखडीने पकडून या बोर्डांसाठी लागणारं जिप्समही मिळू लागलं. हे काही कुणी आखून दिलेलं नव्हतं. शेजाऱ्या-शेजाऱ्यांत, दोघांनाही परवडेल असा एकेक करार होत गेला. या देवाणघेवाणीला 'सहजीवन' हे नाव १९८९ मध्ये, म्हणजे निम्मंअधिक काम झाल्यावर पडलं. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. पर्यावरणाच्या अहवालांत कंपन्या मोठमोठे संकल्प सोडतात. इथे एकाचा टाकाऊ माल दुसऱ्याच्या खरेदीच्या हिशेबात आला, म्हणून हा व्यवहार टिकला.

अर्थात अशा साखळीत गुंतागुंतही असते. वीजकेंद्र कोळसा सोडून लाकडाच्या चिप्सकडे वळलं. हवेसाठी ते चांगलंच झालं, पण कोळसा गेला की त्याच्या धुरातून मिळणारं जिप्समही जातं. जिप्सम बोर्डवाल्यांना मग दुसरीकडून माल बघावा लागणारच. शेजाऱ्यावर विसंबून उभा केलेला धंदा शेजारी बदलला की बदलतो, आणि हे करारात आधीच धरलेलं बरं.

२०२३ मध्ये नोव्हो नॉर्डिस्कने इथे ४२ अब्ज डॅनिश क्रोनरहून जास्त गुंतवणूक जाहीर केली. एवढ्याशा गावाला केवढा रोजगार! त्याबरोबर पाण्याची आणि उष्णतेची गरजही वाढणार. ती भागवताना नव्या कारखान्यांचं सांडपाणी आणि उष्णता कुणाच्या कामी येईल, हे बांधकामाच्या नकाशांतच ठरायला हवं. पाइप मागाहून टाकणं फार महाग पडतं.