दोन भेटींच्या मधलं औषध

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. पुन्हा रूट कॅनाल करायची वेळ आली की दोन भेटींच्या मधे दातात नेमकं काय भरून ठेवता, हा पेशंटचा प्रश्न. आणि त्यातलं सगळ्यात जालीम कोणतं, हा नव्याने प्रॅक्टिस सुरू केलेल्यांचा.

जालीम असं काही नसतं. असतं ते कोणत्या दातासाठी कोणतं, एवढंच. आणि कॅनालमध्ये, म्हणजे मुळातल्या बारीक नळीत, घासणारी सुई म्हणजे फाइल फिरली नाही, हायपोक्लोराइट या जंतुनाशक द्रावणाने नीट धुतलं नाही, तिथे कुठलीही पेस्ट भरा, उपयोग नाही.

आधी केलेल्या दातातला जुना गटापर्चा, म्हणजे कॅनालमध्ये कायमचा भरलेला रबरासारखा पदार्थ, उपसला की कधीकधी असा वास येतो की मास्कमधूनही कळतं. आत जे उरलेले असतात ते चिवट जीवाणू. त्यात एंटेरोकॉकस फिकॅलिस हे नाव हमखास येतं. खायला नसलं तरी तो तग धरतो, मुळाच्या भिंतीतल्या सूक्ष्म नळ्यांत शिरून बसतो, आणि बाहेर अल्कली वाढली की पेशीत प्रोटॉन ओढून घेऊन आतला तोल सांभाळतो.

मी बहुतेक वेळा कॅल्शियम हायड्रॉक्साइडच भरते. १९२० साली हर्मन यांनी ते दातांच्या उपचारात आणलं, आजही तेच पहिलं हाताशी येतं. त्याचा पीएच साधारण १२.५. फिकॅलिसला मारायला ११.५च्या वर लागतो, आणि डेंटिन, म्हणजे दाताची आतली भिंत ज्याची असते तो भाग, स्वतःच अल्कली शोषून पीएच खाली आणतं. म्हणून भिंतीच्या आत खोलवर फिकॅलिस अनेकदा वाचतो. मग वापरता कशाला? कारण बाकीच्या बऱ्याच जातींचा ते बंदोबस्त करतं, मेलेल्या जीवाणूंचं मागे राहिलेलं विष निष्क्रिय करतं, आणि उरलेले ऊतींचे तुकडे विरघळायला मदत करतं. हे शेवटचे दोन गुण क्लोरहेक्सिडिन या दुसऱ्या जंतुनाशकाकडे नाहीत.

भरायचं मात्र मन लावून. पाण्यात कालवलेली घट्ट पेस्ट लेंट्युलोने, म्हणजे फिरत्या बारीक स्प्रिंगने, मुळाच्या टोकापर्यंत न्यायची आणि एक्स-रे घ्यायचा. पेस्टमध्ये बेरियम वगैरे मिसळलेलं नसेल तर फिल्मवर कॅनाल दिसेनासाच होतो, कारण ती डेंटिनइतकीच पांढरी दिसते. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी दचकले होते. आता कॅनाल गायब झाला की बरं वाटतं. निदान सात दिवस ठेवते. याचीच आयोडोफॉर्म आणि सिलिकॉन तेलातली तयार पेस्ट सिरिंजमधून सरसर जाते, पण मोठ्या माणसाच्या दातात मी ती टाळते. तेलातून अल्कलीपणा देणारा हायड्रॉक्सिल सावकाश सुटतो, आणि पुढच्या भेटीत ती भिंतीवरून निघता निघत नाही. राहिलेला थर सीलर, म्हणजे शेवटी भरताना फटी बुजवणारं सिमेंट, आणि भिंत यांच्या मधे येतो.

२ टक्के क्लोरहेक्सिडिन जेल फिकॅलिसवर जास्त चालतं, हे खरं. ते डेंटिनला चिकटून राहतं आणि काढल्यावरही काही काळ काम करतं. हायपोक्लोराइट पुरतं धुऊन काढल्याशिवाय भरू नका, नाहीतर तपकिरी-नारिंगी साका बसतो. कॅल्शियम हायड्रॉक्साइड आणि हे जेल एकत्र कालवून दुप्पट फायदा काढायचा मोह मलाही झाला होता. पण इतक्या अल्कलीत क्लोरहेक्सिडिन टिकत नाही. मी ते सोडून दिलं.

तिहेरी अँटिबायोटिक पेस्टबद्दल मात्र जरा मनापासून बोलते. मेट्रोनिडाझोल, सिप्रोफ्लॉक्सासिन आणि मिनोसायक्लिन. यातलं मेट्रोनिडाझोल ऑक्सिजनशिवाय जगणाऱ्यांवर चालतं, फिकॅलिसला त्याची फिकीर नाही. भार बाकीच्या दोघांवर. गळू सारखं सारखं फुटत होतं अशा एका वरच्या पुढच्या दातात मी ती भरली. गळू बसलं. तीन आठवड्यांनी पेशंट आरशात बघत म्हणाली, "डॉक्टर, हा दात राखाडी का दिसतोय?" मिनोसायक्लिनचा डाग. दात बरा झाला होता आणि तिला हसताना ओठ मिटायची सवय लागत होती. चूक माझीच. पुढच्या दातात आता मी मिनोसायक्लिन वापरत नाही. एरवीही ही पेस्ट क्वचितच, आणि अ‍ॅलर्जी विचारल्याशिवाय तर नाहीच.

डेमेक्लोसायक्लिन आणि स्टेरॉइडची पेस्ट सूज-दुखणं कमी करायला चांगली. रात्री झोप उडवणाऱ्या दातात मी ती भरते. पण तिचाही डाग पडू शकतो, आणि आतली घाण साफ करायचं काम तिचं नव्हे.

पुढच्या भेटीत मी पेपर पॉइंट, म्हणजे ओल टिपणारी कागदाची बारीक काडी, घालून बघते. टोक कोरडं आलं, वास नाही, तर भरून टाकायचं. टोकाला ओल किंवा तपकिरी ठिपका आला की पुन्हा धुवायचं, पुन्हा कॅल्शियम हायड्रॉक्साइड. पण हेही महिनोन् महिने नाही, कारण ते फार काळ राहिलं तर डेंटिन ठिसूळ होतं. दात दुखत नाही म्हणून गायब झालेले पेशंट वर्षाने मुळाला तडा गेलेला दात घेऊन येतात.

आणि या सगळ्यावरचं तात्पुरतं फिलिंग निदान साडेतीन-चार मिलिमीटर जाड हवं. ते पातळ राहिलं की लाळ आत जाते, मग खाली कोणतं औषध आहे याला अर्थ उरत नाही. पेशंटला खुर्चीवरून उठताना मी एवढंच सांगते: हे उडालं तर दुखत नसलं तरी त्याच दिवशी फोन करा.