आहारशास्त्र शिकलात? स्वयंपाकघरातही काम आहे

आहारशास्त्र शिकलं की दवाखान्यात डाएट चार्ट लिहायचे, एवढंच डोळ्यासमोर असतं. पण जळगाव-धुळ्याकडे वसतिगृहांच्या मेस आहेत, केटरर आहेत, कळण्याचं (ज्वारी-उडदाचं) पीठ आणि केळीचे वेफर्स विकणारे बचत गट आहेत. त्यांना पाककृतीतला प्रत्येक जिन्नस वजनात बसवून त्यातलं पोषण काढून देणारं माणूस हवं असतं.

कळण्याचंच घ्या. 750 ग्रॅम ज्वारीला 250 ग्रॅम सालासकट उडीद धरले, तर 100 ग्रॅम पिठात साधारण 13 ग्रॅम प्रथिनं येतात. नुसत्या ज्वारीत 10. हिशोबाला हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे अन्नघटकांचे 2017चे तक्ते वापरा. चूक होते ती पुढे. कच्च्या पिठाचे आकडे तसेच भाकरीला लावले जातात. भाकरीत पाणी असतं, म्हणून भाजल्यावर वजन करा आणि पिठातली एकूण प्रथिनं त्या वजनाने भागा.

भरताचं तेल पळीने मोजू नका. फोडणीच्या आधी आणि नंतर तेलाचा डबा काट्यावर ठेवा. 15 ग्रॅम जास्त पडलं की 135 कॅलरी वाढल्या. शेवभाजीच्या तर्रीला तर हे हवंच.

पाकीटबंद मालाच्या लेबलवर एकूण साखर आणि वरून घातलेली साखर वेगवेगळी दाखवावी लागते. फी पाककृतीमागे ठरवा, चाचणीचा माल गिऱ्हाइकाचा.