घरी क्लायम्बिंगचा सराव: आधी काय घ्यायचं, काय लांब ठेवायचं

हँगबोर्ड, म्हणजे बोटांनी लटकायला भिंतीवर लावायची फळी, निवडताना बहुतेक जण त्यावर किती प्रकारच्या खाचा आहेत ते बघतात. प्रत्यक्षात रोज वापरात येतात त्या दोन-तीनच: २० मिमीची एक कड, त्याहून खोल अशी ३० ते ३५ मिमीची एक आणि वॉर्म-अपला दोन मोठे होल्ड (हाताने पकडायच्या जागा). त्यापेक्षा आधी हे विचारा, की बोटांवर किती किलो भार येतोय ते या साधनावर कळतं का, आणि तो कमी करता येतो का? पाठ आणि दंड काही आठवड्यांत बळावतात. बोटांच्या कंडरा आणि त्यांना हाडाला धरून ठेवणाऱ्या पुली मात्र फार सावकाश तयार होतात. अंगात जोर आलाय म्हणून बोटांवर अंदाजाने भार टाकला, की दुखावते ती बहुधा बोटाच्या मुळाजवळची ए-टू पुली, आणि मग काही महिने भिंतीपासून लांब राहावं लागतं.

म्हणून माझ्या मते पहिली खरेदी हँगबोर्ड नाहीच. २० मिमीची कड असलेला हातात मावेल एवढा लाकडी ठोकळा, त्याला दोरी आणि दोरीखाली वजनाच्या प्लेट अडकवायचा दांडा, एवढं पुरतं. भिंतीला भोकं पाडायची नाहीत, वजन किलोकिलोने वाढवता येतं, आणि बोट जरा कुरकुरलं तर हात सोडला की वजन जमिनीवर. दांडा जमिनीपासून जेमतेम दोन बोटं वर उचलायचा, झटका न देता. सुरुवातीला असं वजन घ्या, की १० सेकंद धरल्यावर अजून ५ सेकंद सहज धरता आलं असतं. प्रत्येक हाताला पाच वेळा, मध्ये दोन-तीन मिनिटं विश्रांती, आठवड्यातून दोनदा. पकड हाफ क्रिंप: बोटाचा मधला सांधा साधारण काटकोनात, अंगठा मोकळा. नजर त्या सांध्यावर ठेवा. तो उघडायला लागला की सेकंद मोजत बसू नका, तिथेच थांबा.

हँगबोर्ड त्यानंतर. लाकडी घ्या, वॉर्निश नसलेला. रेझिनचा खरखरीत बोर्ड कातडी सोलतो, आणि मग बोटं थकण्याआधी कातडीमुळेच सराव थांबतो. कडेची गोलाईही बघा. धार असलेली कड पेरात रुतते, तर फार गोल केलेल्या २० मिमीच्या कडेवर प्रत्यक्षात टेकायला जागा कमी मिळते. त्यामुळे एका बोर्डावरचे आकडे दुसऱ्या बोर्डावरच्या आकड्यांशी ताडून उपयोग नाही.

पूर्ण वजनाने लटकणं झेपत नसेल तर बोर्डाखाली वजनकाटा ठेवून त्यावर उभे राहा आणि कड हळूहळू ओढा. तुमचं वजन ६४ किलो असेल आणि काटा ३० दाखवत असेल, तर बोटांवर ३४ किलो आहेत. काटा सुईचा असलेला बरा; बरेच डिजिटल काटे आकडा स्थिर झाला की तिथेच गोठतात. दुसरा मार्ग कप्प्यांचा: हार्नेसला (कमरेला बांधायच्या पट्ट्याला) दोरी, वर दोन कप्प्या, दुसऱ्या टोकाला १० किलो. दुसरी कप्पी अर्धा मीटर तरी बाजूला लावा, नाहीतर ते वजन गुडघ्यावर आपटतं.

सगळ्यात जास्त चुका होतात त्या बोर्ड बसवताना. आधी एक भोक पाडून ड्रिलच्या टोकाला काय भुकटी येते ते बघा. गिलाव्यानंतर लाल आली तर वीट, करडी आणि ड्रिल कष्टाने जात असेल तर काँक्रीट, दोन्ही चालतात. पांढुरकी, मऊ भुकटी येतच राहिली आणि ड्रिल लोण्यात सुरी जावी तसं आत जात असेल, तर तो हलका ब्लॉक आहे. तिथे साधे प्लग धरत नाहीत. बोर्ड थेट भिंतीला न लावता मागे १८ मिमीचं प्लायवूड लावा आणि ते सहा ते आठ ठिकाणी फास्टनरने (भिंतीत घट्ट बसणाऱ्या बोल्टने) आवळा. फास्टनर गिलाव्यापुढे विटेत किमान ५ सेंमी जायला हवा, आणि दोन विटांमधल्या सांध्यात नको. उंची अशी, की स्टुलावर पाय ठेवून कड धरता येईल. उडी मारून धरावी लागली तर पहिला झटका बोटांनाच बसतो.

कॅम्पस बोर्ड, म्हणजे पाय न टेकता फक्त हातांनी झेपा घेत चढायच्या आडव्या पट्ट्यांचा बोर्ड, १९८८ साली वोल्फगांग ग्युलिश या जर्मन क्लायंबरने न्यूरेंबर्गच्या 'कॅम्पस' जिममध्ये बनवला, तो जगात आधीच सर्वांत ताकदवान असलेल्या बोटांसाठी. झेप घेताना बोटांवर येणारा भार त्यावर ना मोजता येतो, ना आवरता. क्लायम्बिंगची काही वर्षं पाठीशी नसतील तर तो घेऊच नका. आणि वाढीच्या वयातल्या मुलांना तर अजिबात देऊ नका. त्यांच्या बोटाच्या मधल्या सांध्याजवळची, हाड वाढतं ती कूर्चेची पट्टी मोडू शकते.

घरात भिंत उभारायची असेल तर आधी खोलीचं माप घ्या. २.४४ मीटरचा प्लायवूडचा तक्ता उभ्या रेषेपासून ४० अंशात पुढे कलता लावला, की उंची १.८७ मीटर लागते आणि वरचं टोक १.५७ मीटर पुढे येतं. त्याच्याही पुढे पडायला गादी हवी. होल्डचे बोल्ट धरायला एम-१० (१० मिमी बोल्टचे) टी-नट, म्हणजे प्लायवूडमध्ये रुतणारे नट, २० सेंमीच्या अंतराने, मागच्या बाजूने बसवा. हातोडीने ठोकले तर तिरके बसतात. पुढून बोल्ट आवळून ओढून घ्या.

बोर्ड असो की भिंत, महिन्यातून एकदा प्लायवूडच्या वरच्या कडेमागे पोस्टकार्ड सरकवून बघा. आधी न जाणारं कार्ड आता जात असेल, तर वरचे फास्टनर सुटताहेत. ते नव्या जागी बसवेपर्यंत त्यावर लटकू नका.