कुटुमसरची गुहा: बस्तरच्या अंधारात पुण्याकडचा मासा

फ्रान्सिस डे यांनी १८७२ साली पुण्याकडच्या एका चिमुकल्या माशाचं शास्त्रीय वर्णन केलं. त्याचं आजचं नाव इंडोरिओनेक्टिस एव्हेझार्डी. ओढ्यात दगडांखाली राहणारा, अंगावर पट्टे, तोंडाशी मिशा, लांबीला बोटभरही नाही. शास्त्रज्ञ ज्यांना याच जातीत धरत आले आहेत असे त्याचे भाऊबंद छत्तीसगडमधल्या बस्तरच्या कुटुमसर गुहेत, पूर्ण अंधारात राहतात. तिथे त्यांचे डोळे आणि रंग दोन्ही विरत चालले आहेत. हे कळल्यापासून ही गुहा डोक्यात घर करून होती. या हिवाळ्यात अखेर जाऊन आलो.

आपल्या सह्याद्रीत बहुतेक सगळा बेसॉल्ट, म्हणजे पाण्यात सहजी न विरघळणारा काळा कातळ, त्यामुळे आपली लेणी छिन्नीने कोरलेली. कुटुमसर चुनखडकातली आहे आणि ती पाण्याने कोरली आहे. पाऊस जमिनीत मुरताना मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्ल होतो आणि खडक विरघळवत जातो. तेच पाणी गुहेच्या छतातून ठिबकताना तो वायू सोडून देतं आणि विरघळलेला चुना मागे ठेवतं. वरून लोंबणारे आणि खालून वर येणारे लवणस्तंभ असे तयार होतात, वर्षाला मिलिमीटरच्या अंशाने.

गुहा कांगेर घाटी राष्ट्रीय उद्यानात आहे, जगदलपूरहून साधारण ३५-४० किलोमीटरवर. नागपूरकडून येणाऱ्यांनी रायपूरपर्यंत रेल्वे आणि पुढे सुमारे ३०० किलोमीटर बस धरावी. वाटेत केशकालचा घाट लागतो. वेळ असेल तर विशाखापट्टणमहून किरंदुलच्या गाडीने जगदलपूरला या. दिवसाची गाडी घेतलीत तर अरकूचे डोंगर आणि बोगदे डोळे भरून बघता येतात. उद्यानाच्या नाक्यावर तिकीट काढून गाइड घ्यायचा. गाइड जवळच्या गावांतले असतात आणि दिवा त्यांच्याकडेच असतो. त्यांच्या पुढे जाऊ नका.

गुहेचं तोंड म्हणजे खडकातली अरुंद फट. अंग चोरून पायऱ्या उतरायच्या. आत गारवा असेल अशी पुष्कळांची समजूत असते. पण गुहेतलं तापमान ढोबळमानाने त्या परिसराच्या वर्षभराच्या सरासरीइतकं असतं. हिमालयातली गुहा गार, बस्तरची उबदार. इथली हवा अठ्ठावीस अंशांच्या आसपास असते आणि दमट इतकी, की चष्म्यावर लगेच वाफ धरते. जाकीट गाडीतच ठेवा, चष्मा पुसायला सुती रुमाल घ्या. बूट पकड धरणारे हवेत. ओल्या चिखलावर चपला टिकत नाहीत. दम्याचा त्रास असणाऱ्यांनी आणि गुडघे दुखणाऱ्यांनी आत जाण्याआधी नीट विचार करावा, कारण परतीची वाटही त्याच फटीतून आहे.

पहिल्या मोठ्या दालनात सगळे लवणस्तंभांकडे माना वर करून बघत होते. मी गाइडदादांना विचारलं, "मासे कुठे दिसतील?" त्यांनी दिवा बाजूला वळवून एका उथळ डबक्याशी नेलं. पाणी नितळ, तळाशी बारीक गाळ. सुरुवातीला काहीच दिसेना. मग एक फिकट, किंचित गुलाबीसर रेघ हलली. तोंडाशी मिशा स्पष्ट, डोळ्याच्या जागी बारीकसा ठिपका. उजेड जवळ येताच तो दगडाखाली शिरला. सगळ्यांचे डोळे सारखे गेलेले नाहीत. काहींचे बरेच शाबूत आहेत, काहींचे जवळपास नाहीसे झालेत. उत्क्रांती इथे अर्ध्या वाटेवर दिसते, म्हणून मला हा मासा पूर्ण आंधळ्या माशांपेक्षाही मोलाचा वाटतो. रायपूरच्या विद्यापीठातल्या अभ्यासकांनी या माशाच्या दैनंदिन लयींवर काम केलं आहे. दिवस-रात्रच नसलेल्या जागी शरीरातलं घड्याळ चालतं का, हा त्यांचा प्रश्न.

भिंतीवर गुहेतला रातकिडा दिसला, केंपिओला शंकरी. मिशा अंगापेक्षा कितीतरी लांब. त्या पुढे फिरवत चाचपडत चालला होता.

इथे झाड उगवत नाही, म्हणजे अन्न बाहेरूनच यायला हवं. ते दोन वाटांनी येतं: वटवाघळांची विष्ठा आणि पावसाळ्यात पुराबरोबर आत येणारा पालापाचोळा. त्यावर बुरशी आणि जिवाणू, त्यांवर किडे, आणि पुढे बाकीचे. म्हणून वटवाघळांना हुसकावणं म्हणजे साऱ्या गुहेचा शिधा तोडणं. आमच्या मागच्या गटात शिट्ट्या आणि आरोळ्या चालू होत्या; फार वाईट वाटलं.

तुम्ही जाल तेव्हा एवढं पाळाच. वटवाघळांवर प्रकाश मारू नका. माशांचा फोटो हवा असेल तर फ्लॅश बंद ठेवा. लवणस्तंभाला हात लावू नका. त्वचेचं तेल बसलं की पाणी तिथे चुना धरत नाही आणि वाढ खुंटते. आतल्या एका स्तंभाला लोक शिवलिंग मानून नमस्कार करतात. नमस्कार जरूर करा, उदबत्ती मात्र नको, धूर बाहेर जायला वाट नाही. खाण्याचे कणही सांडू नका. कायमचे विजेचे दिवे लावलेल्या गुहांमध्ये दिव्यांभोवती हिरवं शेवाळ धरतं; इथे हातातल्या दिव्यावर भागतं ही चांगली गोष्ट आहे. आणखी उजेडाची मागणी करू नका.

याच उद्यानात दंडक गुहा आहे. तिच्यातल्या एका लवणस्तंभाच्या थरांतला ऑक्सिजन तपासून शास्त्रज्ञांनी इसवी सन ६०० ते १५०० पर्यंतच्या पावसाचा अंदाज बांधला. तो अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. पाऊस जोरदार असला की त्या पाण्यात ऑक्सिजनच्या जड अणूंचं प्रमाण कमी असतं आणि चुन्याच्या थरात तेच उतरतं. चौदाव्या शतकात पाऊस दीर्घकाळ रोडावल्याचं त्यात दिसतं. १३९६ मध्ये सुरू झालेला आपला दुर्गादेवीचा दुष्काळही अशाच कमी पावसाच्या काळात बसतो. लवणस्तंभाचा तुकडा मोडून खिशात घालणारा माणूस अशा नोंदवहीचं पान फाडत असतो.

पावसाळ्यात गुहेत पाणी भरतं, तेव्हा ती बंद ठेवतात. साधारण नोव्हेंबरमध्ये उघडते. बस्तर दसऱ्याला जोडून सहल आखणाऱ्यांनी आधी चौकशी करावी. सकाळी लवकर पोचा. गर्दी कमी असते आणि गाइड निवांत बोलतो. गुहा आटोपून दुपारी जवळचा तीरथगड धबधबा बघता येतो, आणि उद्यानात पहाडी मैना दिसण्याची शक्यता असल्याने दुर्बीण जवळ असू द्या.