बामाकोत भेटलेली लग्नाळू लाकडी पोर

मालीच्या राजधानीत, बामाकोत, मोठ्या मशिदीजवळ कारागिरांचं मार्केट आहे, चामड्याच्या चपला, चांदीचे दागिने, मुखवटे आणि डोक्यावर टळटळीत ऊन. माझी बांबारा, म्हणजे इथली भाषा, "इ नि चे" (नमस्कार, धन्यवाद) एवढ्यावर संपते, फ्रेंच त्याहून भिकार, त्यामुळे सगळी भिस्त आमच्या ड्रायव्हरदादांवर. ते मूळचे दक्षिणेकडचे, बूगुनीजवळच्या गावातले.

एका दुकानात हातभर उंचीची लाकडी बाई उचलली. टोकदार छाती, डोक्यावर तुऱ्यासारखे बांधलेले केस, गालावर बारीक रेघा. मला वाटलं देवी असणार, तर दादा हसायलाच लागले. देवीबिवी काही नाही, ही न्येलेनी, लग्नाला आलेली पोर!

मग कळलं ते असं. बामाना, म्हणजे बांबारा बोलणाऱ्या लोकांत 'जो' नावाची एक संस्था असायची, त्यात मुलांना जवळपास ६ वर्षं तयार करायचे आणि दर ७ वर्षांनी दीक्षा द्यायचे. ती झाली की पोरं टोळ्या करून गावोगाव नाचत गात हिंडायची, त्यात लोहारांच्या मुलांची टोळी या मूर्ती सोबत घेऊन जायची. (लाकूड कोरायचं कामही लोहारांचंच, हे मला आधी पटेचना.) मूर्तीला तेल चोळायचं, मणी घालायचे, कापड नेसवायचं आणि नाचाच्या जागी ठेवायचं. म्हणजे बघा, आम्हाला आता अशी देखणी बायको हवीय! आपल्याकडे बायोडाटाला फोटो जोडतात, यांनी अख्खी मुलगीच कोरून नेली.

पण सगळ्याच मूर्ती अशा अल्लड नसतात हां. न्यूयॉर्कच्या मेट म्युझियममध्ये मी याच लोकांची ग्वांदुसू नावाची मूर्ती पाहिली होती, चांगली ४ फूट उंच, बसलेली, पोटाशी तान्हं बाळ, दंडाला सुरी आणि डोक्यावर ताईत लावलेली टोपी. सुरी आणि तशी टोपी ही खरं तर शिकारी पुरुषांची. तेव्हा नुसतं 'आई आणि मूल' एवढंच वाचून पुढे गेले होते, आता हळहळ वाटते. ती 'ग्वान' नावाच्या संस्थेची मूर्ती. मूल होत नसेल किंवा होऊन जगत नसेल तर बायका ग्वानला साकडं घालायच्या, मूल झालं की नवस फेडायच्या. एरवी या मूर्ती आत ठेवलेल्या, वर्षातून एकदा बाहेर काढून धुवायच्या, तेल लावायचं, नटवायचं. काचेच्या कपाटात उघडीवाघडी, कोरडी ठणठणीत बसलेली बाई बघून यातलं काय कळणार, सांगा ना.

दुकानातली पोर अर्थात नवीनच होती, टुरिस्टांसाठी केलेली, वरून काळं पॉलिश. माहीत असूनही घेतली, घासाघीसही नीट जमली नाही. बॅगेत आपटू नये म्हणून रात्री हॉटेलवर माझ्या लाल ओढणीत गुंडाळली, तशी एकदम बरी दिसायला लागली.