मिल्ट्री आली त्या सालची

१७ सप्टेंबर २०२५. तहसीलचं झेंडावंदन उरकलं, चहा झाला. मी रेकॉर्ड रूमचं कुलूप ओढून बघत होतो, तेवढ्यात मागनं आवाज आला, "साहेब, कचेरी बंद का?"

"सुट्टी आहे, आजी. मुक्तिसंग्राम दिन."

"म्हंजी?"

"मिल्ट्री आली तो दिवस."

"मग माझाच दिवस की! मिल्ट्री आली तवा मी सव्वा महिन्याची होते."

आमच्या धाराशिवकडं जुन्या माणसांचं वय असंच सांगतात. हा रझाकारीच्या (निजामाच्या बाजूच्या सशस्त्र रझाकारांचा धुमाकूळ) आधीचा, ती पोलीस ॲक्शननंतरची. १३ सप्टेंबर १९४८ ला भारताच्या फौजा निजामाच्या हैदराबाद संस्थानात शिरल्या (आमचं धाराशिव त्यातच) आणि १७ ला निजाम शरण आला; हीच पोलीस ॲक्शन. बाकीचा देश स्वतंत्र होऊन तेव्हा तेरा महिने उलटले होते.

आधार कार्डावर आजींचा जन्म मात्र १ जानेवारी १९५५. (तारीख ठाऊक नसलेली अर्धी पिढी सरकारनं १ जानेवारीलाच जन्माला घातलीय.) पंचाहत्तरीनंतर एसटी फुकट, पण कार्डानं आजी सत्तरच्याच. दुरुस्तीला पुरावा पाहिजे.

तेव्हाचं दप्तर उर्दूत आणि फसली सनात, म्हणजे निजामाच्या सरकारी वर्षात. मला त्यातलं अक्षर लागत नाही. झेंडावंदनाला आलेले निवृत्त उर्दू मास्तर फाटकातच होते, त्यांना परत बोलावलं आणि फसली १३५७ ची, म्हणजे १९४७-४८ ची वही काढली. मास्तर बोट फिरवत गेले. आधी नोंदी दाट, मग विरळ, मग पानंच कोरी.

"कसं गावंल?" आजी म्हणाल्या. "गाव जाग्यावर होतं का? समदे बार्शीकडं पळाले होते. मी तिकडंच झाले."

हे आधी सांगायचं ना, आजी!

मास्तर कोऱ्या पानावर थांबले होते. "आमचं घर याच्यानंतर पळालं," एवढंच बोलले. पोलीस ॲक्शननंतर कित्येक गावांत मुसलमानांवर सूड उगवला गेला, रझाकारांशी काडीचा संबंध नसलेल्यांवरसुद्धा. सकाळच्या भाषणात मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ होते, गोविंदभाई श्रॉफ होते. हे नव्हतं. मी वही मिटली.

नोंद असलीच तर बार्शीत, म्हणजे तेव्हाच्या मुंबई प्रांतात, निजामाच्या हद्दीबाहेर. गंमत बघा, अख्ख्या गावात स्वतंत्र भारतात जन्मलेल्या पहिल्या बहुधा ह्याच. मी अर्ज लिहून दिला, मास्तरांनी आजींना स्टँडवर सोडलं. सतरा सप्टेंबरची सुट्टी मराठवाड्यापुरती, बार्शीची कचेरी चालू होती. आजी अर्धं तिकीट काढून गेल्या.